खान्देशातल्या घरात समुद्री टाकी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात आमच्या हॉलमध्ये पाच फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. दारातून आत आलेला माणूस चप्पल काढता काढता तिच्यासमोर थांबतो आणि मग प्रश्न सुरू होतात. समोरच्या घरातल्या आजी मूळच्या अमळनेरच्या. पहिल्या दिवशी काचेला नाक टेकवून त्यांनी विचारलं होतं, "हाई पानी खारं शे का?" खारंच आहे. मुंबई-पुण्याकडचे सल्ले ऐकून मी सुरुवात केली होती, आणि पहिल्याच उन्हाळ्यात कळलं की ते आपल्याकडे पुरत नाहीत. म्हणून ही उत्तरं आपल्या हवेसाठी, आपल्या पाण्यासाठी आणि आपल्याकडच्या विजेसाठी आहेत.

४४-४५ अंशांच्या उन्हाळ्यात ही टाकी टिकते का?

टिकते, पण तिची तयारी जानेवारीतच करावी लागते. समुद्री टाकीचं पाणी २५ ते २७ अंशांत राहायला हवं. एप्रिल-मेमध्ये पंखा चालू असलेली आपली खोली दुपारी ३६-३८ अंशांवर असते, आणि पंप-दिव्यांची उष्णता त्यात वेगळी. पाणी २९-३० अंशांवर बरेच दिवस राहिलं की प्रवाळ मिटायला लागतात. प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात. प्रवाळाचा रंग आणि बरंचसं अन्न त्यांच्याकडून येतं. उष्णता सोसेनाशी झाली की प्रवाळ त्या शैवालांना बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. लक्षद्वीप आणि मन्नारच्या आखातात १९९८, २०१० आणि २०१६ साली हेच मोठ्या प्रमाणावर झालं. घरातल्या टाकीत तेच व्हायला पाणी गार ठेवणारा चिलर बंद पडला तरी पुरतं.

पहिला उपाय स्वस्त आहे: पाण्याच्या पृष्ठभागावर वारा मारणारे छोटे पंखे. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना साधारण दोन तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता सोबत नेतं. आपली उन्हाळी हवा कोरडीठाक, त्यामुळे हे पंखे इथं कोकणापेक्षा फार चांगलं काम करतात. तीन-चार अंशांचा फरक सहज पडतो. पण त्याच खोलीत कूलर लावला तर हवा दमट होते आणि पंख्यांचा गुण जातो. घरच्यांना कूलर आणि माशांना पंखा, हे दोन्ही एका खोलीत जमत नाही. आषाढ-श्रावणातही पंख्यांचा उपयोग कमीच.

त्यामुळे मे महिन्यासाठी एक तर त्या खोलीत एसी हवा, नाहीतर टाकीला चिलर. ६००-६५० लिटरच्या एकूण पाण्याला अर्धा हॉर्सपॉवरचा चिलर मी धरतो. चिलर पाण्यातली उष्णता काढून मागच्या बाजूनं हवेत फेकतो, म्हणून तो टाकीखालच्या बंद कपाटात कधीही कोंबू नका. आमच्या सुताराने तो हौसेनं आत बसवला होता. कपाट उघडलं की भट्टीसारखी झळ यायची, चिलर दिवसभर चालायचा आणि पाणी ३० च्या खाली यायला तयार नव्हतं. पाईप लांबवून चिलर मागच्या व्हरांड्याच्या सावलीत नेला, तेव्हा कुठे पाणी २६ वर आलं.

जुनं धाब्याचं घर असेल तर तुम्ही भाग्यवान. जाड मातीच्या भिंतींची तळमजल्याची खोली दुपारीही गार असते, आणि अशा खोलीत पंख्यांवर बरंच भागतं.

थंडीलाही विसरू नका. जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो. एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान लावा, म्हणजे एक बिघडला तरी पाणी एकदम थंड पडत नाही की उकळत नाही.

सुरुवातीला लहान टाकी घेऊन शिकावं का?

गोड्या पाण्यात चालेल. इथं माझा सल्ला उलटा आहे. पाणी जितकं जास्त, तितका तापमानाचा आणि क्षारांचा चढउतार हळू. दोन फुटी टाकी मेमध्ये दुपारच्या चार तासांत तापते. पाच फुटी टाकी तुम्हाला ऑफिसातून घरी येऊन काहीतरी करायला वेळ देते.

५ × २ × २ फूट, म्हणजे साधारण ५४० लिटर, हे माप मला सगळ्यात पसंत आहे. काच १२ मिलिमीटरची. उंची दोन फुटांपेक्षा जास्त नको, कारण तळापर्यंत हात पोहोचला पाहिजे. खांद्यापर्यंत बाही वर करून स्टुलावर चढावं लागलं की साफसफाई टाळली जाते. रुंदी मात्र दोन फूट हवीच. दगडांमागे मोकळं पाणी दिसलं की टाकीला खोली येते; दीड फुटी टाकीत दगडांची नुसती भिंत उभी राहते. स्टँडची उंची अशी ठेवा की सोफ्यावर बसलेल्या माणसाची नजर टाकीच्या मधोमध पडेल.

आमचा हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे. स्लॅब वजन घेईल का?

आधी हिशेब करा. पाणी साडेपाचशे किलो, काच शंभर किलो, दगड-वाळू शंभर, खालची सम्प टाकी (वरून सांडलेलं पाणी जिथं गाळून परत वर चढवतात ती) आणि स्टँड धरून सगळं मिळून नऊशे किलोच्या आसपास जातं. आणि हे वजन जेमतेम एक चौरस मीटर जागेवर उभं राहतं. राहत्या घराचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलोचा भार धरून बांधलेला असतो. याचा अर्थ स्लॅब लगेच पडेल असा नाही, कारण तो भार सगळ्या खोलीवर पसरून धरलेला असतो. पण टाकी भिंतीलगत, बीमच्या वर आणि बीमला आडवी बसवायची की नाही, हे घराचा नकाशा बघून स्ट्रक्चरल इंजिनिअरनंच सांगावं. त्याची फी टाकीच्या खर्चापुढे काहीच नाही. जुन्या वाड्याच्या लाकडी माडीवर तर मुळीच नको.

वास्तूप्रमाणे कुठल्या दिशेला ठेवावी?

घरातली मोठी माणसं ईशान्य म्हणतात, आणि आपल्याकडे ते सोयीचंच पडतं. ईशान्य कोपऱ्यावर दुपारचं पश्चिमेचं ऊन येत नाही. पश्चिमेची भिंत रात्री नऊपर्यंत तापलेली असते. तिला टेकवून टाकी ठेवू नका. खिडकीचं थेट ऊनही नको, त्यानं पाणी तापतं आणि शेवाळ माजतं. जवळ पाण्याचा नळ, निचऱ्याची जागा आणि अर्थिंग असलेला स्वतंत्र विजेचा पॉइंट असला की जागा ठरली. प्लगकडे जाणारी प्रत्येक वायर एकदा खाली झोळ घेऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळलेलं खारं पाणी सॉकेटमध्ये न जाता जमिनीवर ठिबकतं.

बोअरचं किंवा नळाचं पाणी चालेल का?

नाही. आपल्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी जड, शिवाय बागायती पट्ट्यात त्यात खतांचं नायट्रेट उतरलेलं असतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन. नायट्रेट शेवाळाला खुराक, आणि क्लोरीन प्रवाळाला त्रास.

स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणीही पुरत नाही. त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, बहुतेक वेळा ३० ते ५० असतो, आणि बऱ्याच मशिनांत तर चवीसाठी खनिजं परत मिसळतात. आपल्याला शून्य हवं. आरओच्या पुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचं एक नळकांडं जोडलं की मीटरवर शून्य येतं. आकडा एक-दोनवर सरकला की रेझिन बदलायचं.

इथं पाण्याचं भान ठेवावंच लागतं. नळ दोन-तीन दिवसांआड येणारी कितीतरी गावं आपल्या तिन्ही जिल्ह्यांत आहेत, आणि साधा आरओ एका लिटरमागे तीन-चार लिटर पाणी बाहेर टाकतो. आमच्याकडे ते पाणी ड्रममध्ये साठतं आणि फरशी, बाथरूम, गाडी त्यावरच धुतली जाते. गटारात सोडायचं असेल तर ही टाकी लावू नका, असंच मी सांगतो.

साठवणीला फूडग्रेड प्लास्टिकचे ड्रम वापरा. तांब्या-पितळेचं भांडं, हंडा, कळशी या पाण्याला लावायची नाही. तांब्याचा अंश माणसाला चालतो; कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ त्यानं मरतात. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी शुद्ध दिसतं, पण ते तांब्याच्या कॉइलवरून आलेलं असतं. तेही नको.

सुरतेजवळून समुद्राचं पाणी आणलं तर? मीठ तरी कुठलं?

हा विचार नंदुरबारकडची मंडळी हमखास मांडतात, आणि मनाला भावतोही, कारण डुमसजवळ आपली तापीच समुद्राला मिळते. पण खंबातच्या आखाताचं ते पाणी गाळानं भरलेलं, नदीच्या गोड्या पाण्यानं पातळ झालेलं आणि शहराच्या सांडपाण्याजवळचं. टाकीसाठी तयार समुद्री मीठ मिळतं तेच घ्या. लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम, म्हणजे पहिल्यांदा टाकी भरायला साधारण २० किलो. स्वयंपाकाच्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे काहीच नसतं. खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरनं मोजा. हजारी ३५, म्हणजे सापेक्ष घनता १.०२५-१.०२६.

आणि हे घरातल्या प्रत्येकाला पाठ करून द्या: टाकीतून वाफ फक्त पाण्याची होते, मीठ मागेच राहतं. म्हणून रोज कमी झालेली पातळी गोड्या, शून्य टीडीएसच्या पाण्यानंच भरायची. मेमध्ये पंखे चालू असताना आमच्याकडे दिवसाला आठ-दहा लिटर लागतं. खारं पाणी ओतत राहिलात तर आठवड्याभरात टाकीचं लोणचं होईल. एक छोटा सेन्सर आणि पंप लावून हे काम आपोआप होतं, आणि आपल्या हवेत तो मी चैनीत धरत नाही.

रंगीबेरंगी कडक प्रवाळ लावता येतील का? दुकानदार 'इम्पोर्टेड' म्हणतो.

नाही. यावर मला जरा सविस्तर बोलायचं आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारे सगळे कडक प्रवाळ आहेत. काळे प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्री पंखे, म्हणजे गॉर्गोनियन, हेही. २००१ साली समुद्री घोडेही त्यात आले. ज्या यादीत वाघ आहे, त्याच यादीत. मेलेल्या प्रवाळाचा सांगाडाही यातून सुटत नाही, आणि 'लाइव्ह रॉक' म्हणून जो दगड विकला जातो तो बहुधा तोच सांगाडा असतो. तोंडानं 'इम्पोर्टेड' म्हणण्याला कागदाशिवाय काही किंमत नाही.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी, समुद्राच्या तळाशी पसरायला शेकडो वर्षं लागलेली वस्ती फोडून तिचा तुकडा तीनशे किलोमीटर आत, आपल्या हॉलमध्ये आणायचा, हे मला पटत नाही. आपल्या महाराष्ट्रालाही प्रवाळ आहेत: मालवणला आहेत, आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर भर समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाच्या 'आंग्रिया बँक' या पाण्याखालच्या पठारावर आहेत. ते तिथंच राहू द्यावेत.

मग टाकीत काय लावायचं? दगड सिरॅमिकचा किंवा खास ओतून केलेला सच्छिद्र घ्या. आपल्या डोंगरातला काळा दगड फुकट मिळतो, पण तो इतका घट्ट असतो की जिवाणूंना राहायला छिद्रंच नसतात. त्यावर मऊ प्रवाळ: मशरूम, लेदर, झोआंथिड, झेनिया. तेही एखाद्या जुन्या टाकीत वाढलेल्या गड्ड्याचा तुकडा मिळाला तर सगळ्यात उत्तम. आमचं लेदर कोरल नाशिकच्या एका मित्राकडून आलं तेव्हा काडेपेटीएवढं होतं. आज जेवणाच्या ताटाएवढं झालं आहे. महिन्या-दोन महिन्यांनी ते मिटतं, अंगावर मेणासारखा पातळ पापुद्रा येतो, आणि चार-पाच दिवसांनी पापुद्रा टाकून ते पुन्हा शेकडो बारीक बोटं उघडतं. पहिल्यांदा बघताना ते मेलं असंच वाटतं. घाई करून बाहेर काढू नका.

मासे कधी सोडायचे?

पाणी भरल्यावर चार ते सहा आठवड्यांनी, त्याआधी नाही. कोरड्या दगडाला कधी जास्तही लागतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. हे जिवाणू दगडात वस्ती करेपर्यंत टाकीत घातलेला मासा स्वतःच्याच घाणीत गुदमरतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की पहिले दोन मासे सोडा. मग तीन आठवडे थांबा.

नवा मासा थेट मोठ्या टाकीत नको. साध्या काचेच्या वेगळ्या टाकीत चार ते सहा आठवडे ठेवा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणारा परजीवी एकदा मुख्य टाकीत शिरला, तर सगळे मासे काढून ती अडीच महिने रिकामी ठेवावी लागते. तांब्याचं औषध प्रवाळांच्या टाकीत घालता येत नाही, ते याच वेगळ्या टाकीत द्यायचं.

मासे मुंबईहून रात्रीच्या गाडीनं मागवायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल ते जून मी एकही मासा मागवत नाही.

कोणते मासे घ्यावेत?

क्लाउनफिशची जोडी, आणि ती पैदास केंद्रात जन्मलेलीच मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्रानं त्यांच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे. असे मासे दाण्याच्या खाद्यालाही लगेच सरावतात. क्लाउनफिश सगळे नर म्हणून वाढतात. जोडीतला मोठा आणि दांडगा मासा पुढे मादी होतो. नीट सांभाळली तर ही जोडी पंधरा वर्षं आणि त्याहून अधिक जगते.

सोबत एखादा रॉयल ग्रामा, एक-दोन गोबी, एक ब्लेनी आणि क्लीनर श्रिंप. डॅमसेल स्वस्त म्हणून आधी घेतले जातात आणि नंतर आलेल्या प्रत्येकाला चावतात. मँडरिन मासा फार देखणा, पण तो दगडावरचे सूक्ष्म जीव टिपून खातो; वर्षभर जुन्या टाकीशिवाय तो उपाशी मरतो. निळ्या टँगला पोहायला पाच फूटही कमी पडतात.

लाइट गेली तर?

सगळ्यात आधी ऑक्सिजन संपतो. गरम पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो.

एका मे महिन्यात रात्री दीडला लाइट गेली. इन्व्हर्टर होता, पण बॅटरीतलं पाणी बघायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. अर्ध्या तासात तो बसला. आम्ही उकाड्यानं गच्चीवर जाऊन झोपलो. तीन वाजता पाणी प्यायला खाली आलो आणि टॉर्च मारला, तर सगळे मासे वर आलेले, तोंडं पाण्याच्या रेषेला टेकलेली, कल्ले भराभर हलताहेत. मी आणि बायकोनं पहाटेपर्यंत आळीपाळीनं बाथरूमचा मग भरून हातभर उंचीवरून पाणी ओतलं. उजव्या हाताला मिठानं चिरा पडल्या होत्या. क्लाउनची जोडी वाचली. फॉक्सफेस आणि दोन क्रोमिस गेले.

तेव्हापासून टाकीला स्वतंत्र इन्व्हर्टर आहे, शुद्ध साइन वेव्हचा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. निम्मीच धरली तरी पाणी हलतं ठेवणारा तीस वॉटचा वेव्हमेकर आणि एअर पंप दिवसभर चालतो. त्याच बॅटरीवर घराचे तीन पंखे जोडले तर चार तासांत खेळ संपतो. शिवाय सेलवर चालणारा एअर पंप कपाटात तयार ठेवा. कुणाचाही हात पोहोचेल तिथं, आणि मुलांनाही तो लावता आला पाहिजे.

पंप थांबला की वरच्या टाकीतलं काही पाणी खालच्या सम्पमध्ये उतरतं. सम्पमध्ये तेवढी जागा रिकामी आहे का, हे पहिल्याच दिवशी मुद्दाम प्लग काढून बघा. नाहीतर पंधरा-वीस लिटर खारं पाणी हॉलच्या फरशीवर येतं.

विजेचं बिल किती वाढेल?

आमचा हिशेब असा: पंप, वेव्हमेकर आणि पाण्यातली घाण फेसावाटे काढणारा स्किमर मिळून ९५ वॉट चोवीस तास, दिवे १५० वॉट नऊ तास. म्हणजे रोज साडेतीन-पावणेचार युनिट, महिन्याला ११० च्या आसपास. उन्हाळ्यात चिलरचे रोजचे चार युनिट धरा, म्हणजे सगळं मिळून महिन्याला २३०. घराचा वापर वरच्या टप्प्यात गेला की दरही चढतो, ते धरूनच आकडा काढा.

घरात मच्छर मारायचं औषध, उदबत्ती, शेतातली फवारणी... याचा त्रास होतो का?

होतो, आणि हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. कीटकनाशक कोळंबीला कीटकाइतकंच लागू पडतं. टाकीच्या खोलीत स्प्रे मारायचा नाही, लिक्विडची मशीन लावायची नाही. आम्ही जाळी आणि मच्छरदाणीवर भागवतो. पेस्ट कंट्रोलच्या दिवशी एअर पंप त्या खोलीतली हवा आत ओढत असतो, हे ध्यानात ठेवा.

कपाशीवर किंवा केळीवर फवारणी करून आलेल्या माणसानं त्या दिवशी टाकीत हात घालू नये, कितीही साबण लावला तरी. देवघर त्याच खोलीत असेल तर उदबत्तीनं अनर्थ होत नाही, पण धुरानं पाण्यावर तेलकट साय धरते. वरचं पाणी काठावरून सम्पमध्ये सांडत राहील अशी रचना असली की ती साय टिकत नाही.

लहान मुलं आहेत. यात काही विषारी असतं का?

झोआंथिड जातीच्या काही प्रवाळांत पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत घातक विष असतं. काचेआडून काहीच भीती नाही. हाताळताना मात्र हातमोजे आणि चष्मा हवाच, हातावर जखम असेल तर काम दुसऱ्यावर सोपवा. आणि असा दगड स्वच्छ करायला कधीही उकळू नका. वाफेतून विष श्वासात जाऊन घरातली सगळी माणसं एकदम दवाखान्यात गेल्याचे प्रकार परदेशांत घडलेले आहेत. टाकीच्या झाकणाला आणि कपाटाला कुलूप लावा.

काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर आला आहे. काही चुकलं का?

नाही. नव्या टाकीत पहिले काही आठवडे तो येतोच. दिवे आठ तासांवर आणा, खाद्य कमी करा, टर्बो गोगलगायी सोडा. जाईल.

रोज किती वेळ द्यावा लागतो?

सकाळी दहा मिनिटं: थर्मामीटर बघणं, मासे मोजणं, चिमूटभर खाद्य. आठवड्याला दोन तास: पन्नासेक लिटर पाणी बदलणं, काच पुसणं, स्किमरचा कप धुणं, क्षारता तपासणं. क्षारता म्हणजे अल्कलिनिटी, खारटपणा नव्हे; ती आठ-नऊ डीकेएच (तिचं मोजमाप) हवी, आणि कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम. आकडा थोडा इकडेतिकडे असला तरी चालतो. रोज बदलणारा आकडा चालत नाही. वहीत लिहून ठेवा. आमच्याकडे फ्रिजवर चुंबकानं लावलेला तक्ता आहे आणि रविवारचा आकडा मुलगी भरते.

दिवाळीत किंवा लग्नाला आठ दिवस गावाला जायचं असेल तर?

मासे तीन-चार दिवस न खाता आरामात राहतात; पुढच्या दिवसांसाठी खाद्याच्या छोट्या पुड्या बांधून, वार लिहून शेजाऱ्यांकडे द्या. डबा देऊ नका. प्रेमानं माणूस जास्तच घालतो आणि पाणी नासतं. निघण्याआधी आपोआप भरणारी गोड्या पाण्याची टाकी काठोकाठ भरा, बॅटरीचं पाणी बघा, आणि टाकीजवळ मोठ्या अक्षरात एक कागद चिकटवा: लाइट गेली तर काय करायचं, कुठला प्लग कधीच काढायचा नाही, कुणाला फोन करायचा. आमचा कागद समोरच्या आजींच्या नातवाकडे असतो. आजी स्वतः संध्याकाळी खुर्ची टाकून तासभर टाकीसमोर बसतात, आणि एखादा मासा दिसला नाही की अमळनेर असो वा मुंबई, मी जिथं असेन तिथं मला फोन येतो.